मनुकांचा नव्हे, मानुकाचा मध

कामं आवरली का? नसतील आवरली तरी हरकत नाही. भाकरी थापता थापता ऐका. पावसाचे दिवस आहेत, घराघरात खोकला सुरू झालाय आणि फडताळातली मधाची बाटली खाली आलीय. म्हणून आज मधाबद्दल बोलूया. तोही आपल्या डोंगरातला नाही, पार समुद्रापलीकडून, न्यूझीलंडहून आलेला मध.

झालं असं. गेल्या दिवाळीनंतर आमच्या गटाची महिन्याची बैठक एका आजींच्या ओसरीवर होती. आजींच्या घरी नातू झालेला, दहा दिवसांचा. परवावर बारसं. आजींची पुतणी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला असते, ती सुट्टीला आली होती. तिने काकूच्या जुन्या खोकल्यासाठी मधाची एक छोटी बरणी आणली होती. बरणीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘रॉ मानुका हनी’. एका ताईंनी विचारलं, “मनुकांचा मध? मनुका भिजवून काढलेला होय?” सगळ्या हसल्या, पण खरं सांगते, मलाही तेच वाटलं होतं.

मग पुतणीने किंमत सांगितली आणि हसणं थांबलं. आमच्या बाराजणींची महिन्याची बचत त्यापेक्षा कमी भरते. एवढं महाग म्हटल्यावर त्यात मोठा गुण असणार, असं सगळ्यांना वाटलं. लगेच तीन मागण्या आल्या. आजी म्हणाल्या, बारशाला सोन्याच्या अंगठीने बाळाला हाच मध चाटवायचा. एक वहिनी म्हणाल्या, एक चमचा मला द्या, आमच्या ह्यांना शुगर आहे, पायाची जखम महिना झाला भरत नाही, त्यावर लावते. आणि आमच्या खजिनदार ताई म्हणाल्या, गटाच्या पैशातून दहा बरण्या मागवू आणि विकू. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. “तू बी.ए. झालीस, वाच बरं काय लिहिलंय.”

मी वाचलं. पुढच्या बाजूला आकडे होते, यूएमएफ १५+, एमजीओ ५१४+. मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात एक ओळ होती: एक वर्षाखालील बाळाला देऊ नये. आकड्यांचा अर्थ मला लागला नाही, पण ती ओळ कळली. मी म्हटलं, “आजी, मला एक दिवस द्या. तोवर बाळाला काही चाटवू नका.” आजींना ते आवडलं नाही. पण थांबल्या. मी उपकेंद्रातल्या सिस्टरांना भेटले, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं, पुतणीबरोबर बसून वाचलं. ते सगळं आज तुम्हाला सांगते.

आधी नावाचं. मानुका हे न्यूझीलंडमधल्या एका झुडपाचं नाव आहे. तिथले मूळ रहिवासी, म्हणजे माओरी लोक, त्याला मानुका म्हणतात. बारीक पानं आणि पांढरी, कधी गुलाबीसर छोटी फुलं. माओरी लोक या झुडपाची पानं आणि साल पिढ्यान्‌पिढ्या औषधाला वापरत आले. पण मध नाही. कारण तिथे पोळ्यात मध साठवणाऱ्या मधमाश्याच नव्हत्या! १८३९ मध्ये मेरी बम्बी नावाची एक इंग्लिश बाई आपल्या मिशनरी भावाबरोबर जहाजाने न्यूझीलंडला गेली. तिने बरोबर माश्यांची दोन पोळी नेली. तिथल्या पहिल्या मधमाश्या त्याच. महिनोन्‌महिने जहाजावर माश्या जिवंत ठेवायच्या म्हणजे काय, ते कोंबड्या-शेळ्या सांभाळणाऱ्या आपल्यालाच कळेल.

पुढे कित्येक वर्षं मानुकाच्या मधाला कोणी विचारत नव्हतं. तो जेलीसारखा घट्ट असतो, यंत्रात फिरवला तरी पोळ्यातून सहज सुटत नाही. शेतकऱ्यांना तर हे झुडूप म्हणजे रान माजवणारं तण वाटायचं. मग १९८० नंतरच्या काळात वायकाटो विद्यापीठातले पीटर मोलन नावाचे शास्त्रज्ञ या मधाच्या मागे लागले. कुठलाही मध थोडाफार जंतू मारतो, पण मानुकात आणखी काहीतरी वेगळं आहे, हे त्यांनी दाखवलं. ते ‘काहीतरी’ म्हणजे मिथिलग्लायॉक्सल नावाचा पदार्थ, हे पुढे २००८ मध्ये छापून आलं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे आणि न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ वेगवेगळं काम करत होते, पण उत्तर एकच आलं. मानुकाच्या फुलातल्या रसात एक द्रव्य असतं, त्याचं मध मुरताना हळूहळू मिथिलग्लायॉक्सल होतं.

आता मध जंतू कसे मारतो ते आपल्या स्वयंपाकघरातूनच बघू. मुरांब्याला बुरशी का लागत नाही? कारण साखर इतकी दाट असते की जंतूंना जगायला पाणीच मिळत नाही. मधाचंही तसंच. चांगल्या पिकलेल्या मधात पाणी विसाव्या हिश्शाचं नव्हे, पण शंभरात वीस भागांपेक्षा कमीच असतं. दुसरी गोष्ट, मध थोडा आंबट असतो, म्हणजे आम्लधर्मी. जंतूंना ते मानवत नाही. तिसरी गोष्ट, मधमाशी त्यात आपल्या अंगातला एक रस घालते. मधाला पाणी लागलं की त्या रसामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखम धुताना जे फेसाळतं ना, तेच औषध, अगदी थोड्या प्रमाणात. हा रस उष्णतेने खराब होतो. म्हणून ‘रॉ’ म्हणजे कच्चा, न तापवलेला मध चांगला म्हणतात. आपल्या आज्या मध तापवू नको म्हणायच्या, त्यात तथ्य आहे. आणि मानुकात या तिन्हींच्या जोडीला चौथं ते मिथिलग्लायॉक्सल. बरणीवरचा एमजीओचा आकडा त्याचाच आहे. एमजीओ ५१४ म्हणजे एका किलो मधात ५१४ मिलिग्रॅम. यूएमएफ ही न्यूझीलंडच्या मध उत्पादकांची प्रतवारी. १० पेक्षा १५ वरची, १५ पेक्षा २० वरची.

म्हणजे मानुकाचा गुण खोटा नाही. तो खराच आहे. पण कुठे आणि किती, हे नीट समजून घ्यायला हवं. एकेक करून सांगते.

पहिलं जखमेचं. न्यूझीलंडमध्ये आणि दुसऱ्या काही देशांत दवाखान्यात मानुका मधाच्या पट्ट्या आणि मलमं वापरतात. अमेरिकेतही २००७ पासून त्याला परवानगी आहे. पण मैत्रिणींनो, तो मध खाण्याच्या बरणीतला नसतो. तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. कारण कच्च्या मधात काही जंतूंची बीजं झोपून राहिलेली असू शकतात. मधात ती वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. खोल जखमेत ती जायला नकोत.

२०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने मध आणि जखमा यांवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. वरवरच्या भाजण्यावर आणि शस्त्रक्रियेनंतर पू झालेल्या जखमांवर मधाचा उपयोग होतो असं दिसलं. पण शुगर असलेल्यांच्या पायाच्या जखमांवर होतो, असं ठामपणे म्हणता आलं नाही. न्यूझीलंडमध्येच पायावर जुन्या, शिरांच्या दोषाने झालेल्या जखमा असलेल्या ३६८ जणांवर अभ्यास झाला. काहींना मानुकाच्या पट्ट्या लावल्या, काहींना नेहमीच्या. बारा आठवड्यांनी पाहिलं तर भरण्यात खास फरक नव्हता, आणि मध लावलेल्यांना त्रास, दुखणं जास्त झालं. ज्यांच्या अंगणात मानुका फुलतो, त्यांनीच हे तपासून सांगितलं.

म्हणून आमच्या वहिनींना मी म्हटलं, “चमचाभर मधाने होणारं हे काम नाही. उद्याच यांना घेऊन दवाखान्यात चला.” शुगर असलेल्या माणसाच्या पायाची संवेदना कमी होते. जखम दुखत नाही, म्हणून ती बरी आहे असं वाटतं, आणि आत ती पसरत असते. वहिनी घेऊन गेल्या. शुगर खूप वाढलेली निघाली. औषधं बदलली, रोजचं ड्रेसिंग सुरू झालं, अनवाणी चालणं बंद केलं. दोन महिने लागले, पण पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस घरी काढले असते तर अंगठा गेला असता. वहिनी मला परवा म्हणाल्या, “त्या दिवशी बरणी मिळाली असती, तर मी पंधरा दिवस तीच लावत बसले असते.” हे वाक्य मी विसरलेले नाही.

आणि चुलीवर हात भाजला तर? आधी थंड वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. मध नको, टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको. आधी पाणी. भाजणं तळहाताएवढं मोठं असेल, खोल असेल, चेहऱ्यावर असेल किंवा लहान मुलाला भाजलं असेल, तर सरळ दवाखाना.

दुसरं खोकल्याचं. इथे मध खरंच मदतीला येतो. सर्दीमुळे खोकला असेल तर रात्री झोपताना एक छोटा चमचा मध द्यावा. घशाला आराम पडतो, रात्रीची ढास कमी होते. पण मूल एक वर्षावरचं हवं. आणि त्यासाठी मानुकाच पाहिजे असं नाही. आपला साधा, भेसळ नसलेला मध पुरेसा आहे. आल्याच्या रसात घ्या, कोमट पाण्यात घ्या, उकळत्या पाण्यात टाकू नका. मात्र मुलाचा श्वास जोरात चालत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर मधाची बाटली उघडत बसू नका. आणि मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर आशाताईंना सांगून थुंकी तपासून घ्या. ती तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

तिसरं शुगरचं. “मध साखर नाही, म्हणून शुगरवाल्यांना चालतो,” असं मी कितीदा तरी ऐकलंय. मधात शंभरात ऐंशी भागांच्या आसपास साखरच असते. मानुका असो की आपला. शुगर असेल तर मध साखरेसारखाच मोजून घ्यायचा, आणि डॉक्टरांना विचारून.

आता बाळाचं. ताईंनो, हे जरा हातातलं काम ठेवून ऐका. कच्च्या मधात जी जंतूंची बीजं असू शकतात असं मी म्हटलं, त्यातलं एक बोट्युलिझम या आजाराचं असतं. आपल्या मोठ्यांच्या आतड्यात त्याचं काही चालत नाही. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं कोवळं असतं. तिथे ते बीज रुजतं आणि विष तयार करतं. आधी बाळाला शी होत नाही. मग रडणं बारीक होतं, दूध ओढायची ताकद जाते, मान आणि हातपाय लुळे पडतात, पुढे श्वासही अडकू शकतो. असं रोज घडत नाही, हा आजार विरळाच आहे. पण ज्या घरात होतो, त्या घरात बाळ अतिदक्षता विभागात असतं. मध उकळला तरी ती बीजं मरत नाहीत. मध महाग असला, शुद्ध असला, डोंगरातला असला, तरी फरक पडत नाही. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मधाचा थेंबही नाही. बाळगुटी मधात उगाळायची नाही, चोखणीला मध लावायचा नाही. पहिले सहा महिने तर आईच्या दुधाशिवाय काहीच नाही, पाणीसुद्धा नाही.

सिस्टर हे समजावत होत्या तेव्हा आजी म्हणाल्या, “आम्ही सगळ्या मध चाटूनच वाढलो. काय झालं आम्हाला?” मला आजींचा राग आला नाही. कारण माझ्या मुलीला मीसुद्धा चाटवला होता. बी.ए. झालेली असून! तिला काही झालं नाही. पण रस्ता न बघता ओलांडला आणि गाडी आली नाही, म्हणून रोज डोळे मिटून रस्ता ओलांडायचा का? सिस्टर आजींना एवढंच म्हणाल्या, “तेव्हा कोणाला माहीत नव्हतं आजी. आता कळलंय.” आजी बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी सुनेला हाक मारली. बारशाच्या दिवशी सोन्याची अंगठी धुऊन बाळाच्या कपाळाला टेकवली, पाळणा म्हटला, आणि बाळ आपल्या आईच्या कुशीत दूध पीत झोपलं. रीत झाली, बारसं गोड झालं.

राहिली खजिनदार ताईंची मागणी. आम्ही दहा बरण्या मागवल्या नाहीत. एक तर मानुकाच्या नावाखाली जगभर भलतंच विकलं जातं. ते थांबावं म्हणून न्यूझीलंड सरकारने २०१८ पासून नियम केला, की परदेशी जाणारा मानुका मध प्रयोगशाळेत तपासायचा. मधातली चार द्रव्यं आणि मानुकाच्या परागाचा डीएनए, अशा पाच खुणा जुळल्या, तरच ते नाव लावायचं. आपल्याकडे बाजारात मिळणारी बरणी खरी की खोटी, हे आपण ओट्यावर ठेवून कसं ओळखणार? पाण्यात थेंब सोडून बघणं, वात पेटवून बघणं, मुंग्या लागतात का बघणं, यातलं काहीही खात्रीचं नाही. हुशारीने केलेली भेसळ या सगळ्यांतून सुटते. आणि मध खाली बसून साखरेसारखा झाला म्हणजे तो खोटा, हेही खरं नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवा, पुन्हा पातळ होतो.

पण त्या बरणीकडून आमचा गट एक गोष्ट शिकला. तणासारख्या झुडपाच्या मधाला एवढी किंमत आली, ती तपासणीमुळे आणि लेबलवरच्या खऱ्या आकड्यांमुळे. आपल्याकडेही महाबळेश्वरच्या मधाला नाव आहे. तिथलं मांघर हे २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तुमच्यापैकी कोणी सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवत असेल, मध भरून विकत असेल, तर परवान्याचा चौदा आकडी नंबर, मध काढल्याची तारीख आणि कुठल्या भागातला मध हे लिहा. आणि ‘एक वर्षाखालील बाळाला देऊ नये’ ही ओळ मोठ्या अक्षरात लिहा. ‘सर्व रोगांवर रामबाण’ असं मात्र लिहू नका. खाण्याच्या वस्तूने रोग बरा होतो असं लेबलवर लिहायला कायद्याने मनाई आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या लेबलवर विश्वास ठेवून एखादी वहिनी नवऱ्याच्या पायाला मध लावत बसली, तर?

तर मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही. शुगरवाल्याच्या पायाची जखम दवाखान्यात दाखवायची. भाजलं तर आधी पाणी. खोकल्याला चमचाभर साधा मध पुरतो. आणि कुठलीही बरणी उघडण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचायची. वाचता येत नसतील, तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीला हाक मारायची.

ती मानुकाची बरणी अजून आजींच्या फडताळात आहे. आजी रात्री खोकला आला की त्यातला अर्धा चमचा घेतात आणि पुतणीची आठवण काढतात. सुनेने झाकणावर कागद चिकटवलाय, त्यावर लिहिलंय, ‘बाळाला नाही’. बाळ आता रांगतंय, फडताळापर्यंत पोहोचतंय. आजींनी मला सांगून ठेवलंय, “वाढदिवस झाला की तू ये. तारीख संपली नाही ना, ते वाच, आणि मग मी त्याला माझ्या हाताने चाटवीन.” मी जाणार आहे.

तुम्हीही तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत घरातली मधाची बाटली घेऊन या आणि एकमेकींना लेबल वाचून दाखवा. येते मी. नमस्कार.